आलेखाचा वेग कुठून मोजायचा?

उंबरमाळी, ता. शहापूर, जि. ठाणे

महाविद्यालयांत गणित, विज्ञान आणि अभियांत्रिकी शिकवणारे प्राध्यापक, आणि लॅबसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं हे ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य यांना,



पत्र तक्रारीचं आहे, म्हणून तक्रार आधी सांगते. ‘फुकटची सॉफ्टवेअर स्लो असतात, आलेख विकतच्या सॉफ्टवेअरवरच काढून आणा,’ हे वाक्य आमची मुलं तुमच्या वर्गांतून ऐकून येतात. ते अर्धवट मोजणीवर उभं आहे, आणि त्याचा भुर्दंड आमच्या भागातल्या मुलांना पडतो.

आमचा भाग म्हणजे मध्य रेल्वेवर खर्डी आणि कसारा यांच्या मधलं उंबरमाळी आणि आसपासचे पाडे. इथली मुलं आता बीएस्सीला, डिप्लोमाला, इंजिनिअरिंगला जातात. कुणी शहापूरला, कुणी मुरबाडला, पुष्कळशी कल्याण-ठाण्याला. मी गणिताची शिक्षिका आहे. संध्याकाळच्या लोकलने उतरलेली ही मुलं माझ्याकडे अडलेली गणितं घेऊन बसतात आणि प्रॅक्टिकलची जर्नलंही इथेच पुरी करतात. पुष्कळांकडे फक्त मोबाइल असतो. ज्याच्याकडे लॅपटॉप आहे, त्याचा तो शहरातल्या कुणा नातेवाइकाने वापरून दिलेला, ४ जीबी रॅमचा, जुन्या हार्ड डिस्कचा. वारा सुटला की लाईट जाते, आणि मोबाइलची रेंज खिडकीपाशी मिळाली तर दारापाशी टिकत नाही. या मुलांना तुम्ही आलेख काढायला लावता हे फार चांगलं करता. आलेख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फलन मनात बसत नाही, हे मीही रोज अनुभवते. माझं म्हणणं फक्त साधनाच्या निवडीबद्दल आहे, आणि त्या निवडीसाठी दिल्या जाणाऱ्या वेगाच्या कारणाबद्दल.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. म्हणून एकेक मुद्दा उघड मांडते.

पहिली तक्रार यंत्रांची. एका महाविद्यालयात वाटलेला तुलनेचा कागद एका मुलीने मला आणून दाखवला. एका रकान्यात विकतचं सॉफ्टवेअर, दुसऱ्यात मोफतचं, समोर सेकंद. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की विकतचं लॅबमधल्या नव्या संगणकावर चालवलं आणि मोफतचं एका जुन्या लॅपटॉपवर, कारण लॅबच्या संगणकांवर बाहेरचं काही टाकायला परवानगी नाही. ही दोन संगणकांची तुलना झाली. सॉफ्टवेअरबद्दल तिच्यातून काहीच कळत नाही. शिवाय आवृत्ती कोणती, किती वेळा चालवून बघितलं, पहिल्या खेपेचा वेळ धरला की नंतरच्या खेपांचा, यातलं काहीही त्या कागदावर नव्हतं. पायथॉनमधलं मॅटप्लॉटलिब नव्याने टाकल्यावर पहिल्यांदा चालवलं की संगणकावरच्या फॉन्टची यादी तयार करत बसतं. तो वेळ एकदाच लागतो. ती पहिली खेप धरून कुणी मॅटप्लॉटलिबला संथ ठरवलं तर तो त्याच्यावर अन्याय आहे. ऑक्टेव्ह या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्र काढण्याचं काम कोणत्या ग्राफिक्स टूलकिटकडे सोपवलं आहे, यावर आलेख पडद्यावर यायचा वेळ बदलतो. हे तपशील लिहिले नाहीत तर सेकंदांचे ते आकडे कुणालाच पुन्हा पडताळता येत नाहीत. आपणच मुलांना शिकवतो की ज्या प्रयोगाची कृती लिहिलेली नाही तो प्रयोग धरायचा नाही.

दुसरी तक्रार त्याहून मोठी आहे. दोन्ही सॉफ्टवेअरना सारखंच काम दिलं होतं का, हे कुणी बघत नाही. आलेख काढणारं कुठलंही सॉफ्टवेअर फलनाच्या काही ठरावीक बिंदूंवर किंमत काढतं आणि ते बिंदू रेषांनी जोडतं. किती बिंदू घ्यायचे हे आपण सांगितलं नाही, तर ते आपल्या सवयीने घेतं, आणि प्रत्येकाची सवय निराळी आहे. मोफतचं ग्नूप्लॉट न सांगता १०० बिंदू घेतं. विकतचं मॅथेमॅटिका ५० बिंदूंनी सुरुवात करतं, पण जिथे वक्र जास्त वळतो तिथे ६ पायऱ्यांपर्यंत नवे बिंदू भरत जातं. पृष्ठभाग काढायचा असेल तर ग्नूप्लॉट दर दिशेला १० रेषा धरतं, आणि विकतच्या मॅटलॅबची एफसर्फ ही आज्ञा ३५ बिंदूंपासून सुरुवात करते. नुसती आज्ञा देऊन घड्याळ लावलं, तर एकाला दुसऱ्याच्या कित्येक पट काम दिलेलं असतं, आणि कागदावर मात्र त्याची नोंद ‘हळू’ किंवा ‘जलद’ अशी होते.

याचा पुरावा कुठल्याही संगणकावर मिनिटभरात मिळतो. ग्नूप्लॉट उघडा आणि त्याला साइन ३१ एक्स या फलनाचा आलेख मागा. बाकी काही बदलू नका. न सांगता ते एक्सच्या किमती उणे १० ते १० घेतं. या पट्ट्यात या फलनाच्या सुमारे ९९ लाटा यायला हव्यात. पडद्यावर दिसते ती डावीकडे उणे ०.८५ पासून उजवीकडे ०.८५ पर्यंत चढत जाणारी एकच शांत, किंचित वळलेली रेघ. लाट एकही नाही. कारण सरळ आहे. १०० बिंदूंमध्ये ९९ अंतरं, म्हणजे एका अंतराची लांबी २० भागिले ९९. तेवढ्या अंतरात साइनच्या आतली किंमत ६.२६ ने वाढते, आणि साइनची पूर्ण फेरी ६.२८ ची. म्हणजे प्रत्येक पुढचा बिंदू पुढच्या लाटेवर जवळजवळ त्याच जागी पडतो, आणि ते बिंदू जोडले की लाटा गायब होतात. आता बिंदूंची संख्या ५,००० करा आणि तीच आज्ञा पुन्हा द्या. दर लाटेला ५० बिंदू मिळतात आणि लाटा दाटीवाटीने समोर येतात. माझ्या जुन्या लॅपटॉपवर दोन्ही चित्रं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उमटतात. यातलं एक चित्र साफ खोटं आहे. घड्याळ हाती घेऊन बसलेल्या परीक्षकाला दोन्ही सारखीच जलद दिसतील.

हे उदाहरण मी मुद्दाम मोफत सॉफ्टवेअरचं दिलं. त्याच्या उणिवा झाकाव्यात असा माझा हेतू नाही. विकतचं सॉफ्टवेअरसुद्धा शेवटी मोजकेच बिंदू घेतं आणि वेगळ्या फलनाला वेगळ्या जागी फसतं. म्हणून वेगाच्या आधी चित्र बरोबर आलं का हे बघायला हवं. चुकीचा आलेख कितीही लवकर आला तरी त्याला गुण द्यायचे नसतात, आणि वेगाच्या तक्त्यात ‘आलेख बरोबर आला का’ असा रकानाच नसतो.

तिसरी तक्रार प्रोग्रॅम लिहिण्याच्या पद्धतीची. इथे विकतच्या बाजूचं श्रेय आधी देते. मॅटलॅबने २०१५ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून प्रोग्रॅम चालवण्याची नवी यंत्रणा आणली, आणि लूप लावून एकेक संख्या काढणारे प्रोग्रॅम तिच्यात खरोखर झपाट्याने चालतात. ऑक्टेव्हकडे तशी यंत्रणा नाही. लाख वेळा फिरणारा लूप तिथे रेंगाळतो, हे कुणी नाकारू नये. पण आलेखासाठी असा लूप सहसा लागतच नाही. एक्सच्या सगळ्या किमतींची एक यादी करून तिच्यावर एकदम साइन लावलं की तेच काम एका ओळीत होतं. मग आतलं गणित दोन्हीकडे आधीच भाषांतरित झालेल्या यंत्रभाषेत चालतं आणि फरक बराच कमी होतो. यादीवर एकदम काम करणं हीच या सॉफ्टवेअरची मूळ रीत आहे, आणि ती मुलांना शिकवणं आपल्याच अभ्यासक्रमात बसतं. लूपचा प्रोग्रॅम दोन्हीकडे जसाच्या तसा चालवून ऑक्टेव्हला नापास करणं म्हणजे मुलांना ती रीत न शिकवल्याचा दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारणं.

आणि आतल्या गणिताचं म्हणाल, तर तिथे दोन्हींचं मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. मॅट्रिक्सची गणितं करणारं लॅपॅक हे खुलं संकलन १९९२ मध्ये बाहेर आलं. त्याच्या कर्त्यांपैकी एक असलेले जॅक डोंगारा यांना २०२१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. लॅपॅक ऑक्टेव्ह, सायलॅब आणि पायथॉनच्या नमपायमध्ये आहे, तसंच मॅटलॅबमध्येही आहे. फूरिए रूपांतरासाठी एमआयटीत तयार झालेलं एफएफटीडब्ल्यू हेही खुलं संकलन मॅटलॅब आणि ऑक्टेव्ह दोघंही वापरतात. ज्या वेगाबद्दल आपण विकतच्या सॉफ्टवेअरला पैसे मोजतो, त्यातला मोठा वाटा संशोधकांनी सगळ्या जगासाठी मोकळा ठेवलेला आहे. विद्यार्थ्यांना हे सांगितलं तर ‘मोफत म्हणजे दुय्यम’ ही त्यांच्या मनातली अढी सुटायला मदत होईल.

चौथी तक्रार कामाच्या आकाराची. तुलना करणारे दहा लाख बिंदूंचे आलेख काढून दाखवतात. आमच्या मुलांचं काम केवढं असतं ते सांगते. आमच्या तालुक्यात भातसा आणि तानसा ही धरणं आहेत. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतं. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या ७ तलावांचा रोजचा साठा मुंबई महानगरपालिका जाहीर करते. पूर्ण भरले की त्यांत मिळून १४,४७,३६३ दशलक्ष लिटर पाणी असतं, आणि त्यातलं ७,१७,०३७ दशलक्ष लिटर एकट्या भातसाचं, म्हणजे जवळजवळ निम्मं. ज्या तालुक्यातून एवढं पाणी जातं तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. त्यामुळे या आकड्यांचा आलेख आमच्या मुलांना पुस्तकातल्या आलेखापेक्षा जवळचा वाटतो. कोणत्या महिन्यात रेघ उतरते, पहिला जोराचा पाऊस पडल्यावर भातसा किती दिवसांत चढतं, हे ती मन लावून बघतात. ७ तलाव, १० वर्षं, रोज एक आकडा, असे सगळे मिळून सुमारे २५,५०० आकडे होतात. एका तलावाच्या वाट्याला साधारण ३,६५० बिंदू येतात, आणि स्वस्त लॅपटॉपचा पडदा १,३६६ ठिपके रुंद असतो. एवढ्या कामाला कुठलंही सॉफ्टवेअर, मोफतचं असो वा विकतचं, दम खात नाही. ज्या फरकाचा मुलांच्या कामाशी संबंधच येत नाही, तो फरक दाखवून त्यांना साधन नाकारणं योग्य नाही.

पाचवी तक्रार घड्याळ कुठून सुरू करायचं याची. तुम्ही ‘एंटर’ दाबल्यापासून चित्र येईपर्यंतचा वेळ मोजता. आमच्या मुलाचा वेळ त्याच्या बराच आधी सुरू होतो. मॅटलॅबची कंपनी मॅथवर्क्स स्वतःच अलीकडच्या आवृत्त्यांसाठी किमान ८ जीबी रॅम सांगते, आणि सॉफ्टवेअर डिस्कवर काही जीबी जागा घेतं. ४ जीबीच्या लॅपटॉपवर ते आलं तरी उघडेपर्यंतच धीर सुटतो. परवाना महाविद्यालयाच्या सर्व्हरवरून मिळत असेल तर तो आवारापुरता चालतो. मग लॅब उघडी असेल तेव्हा जायचं, नंबर लागेल तेव्हा बसायचं, आणि तेवढ्यात लोकलची वेळ होते. दुपारी अर्धा राहिलेला आलेख पुरा करायला दुसऱ्या दिवशी पुन्हा कल्याणला जावं लागतं. याउलट ग्नूप्लॉट उतरवायला थोडाच डेटा लागतो, आणि ते एका पेनड्राइव्हवरून अख्ख्या वस्तीत फिरतं. जिओजेब्रा मोबाइलवर एकदा टाकलं की रेंज गेली तरी चालतं. दोन्हीकडे कामाला बसल्यापासून जर्नलमध्ये बरोबर आलेख चिकटवेपर्यंतचा वेळ मोजून बघा. मुलाचा खर्च होतो तो हाच वेळ.

हा विचार माझ्या पदरचा नाही. ही साधनं ज्यांनी घडवली त्यांनीच तो आधी केला. ऑक्टेव्हची कल्पना अमेरिकेत रासायनिक अभियांत्रिकीच्या एका पाठ्यपुस्तकाच्या निमित्ताने निघाली. रिअ‍ॅक्टरचं डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा वेळ विषयापेक्षा फोर्ट्रानचा प्रोग्रॅम का कोसळला हे शोधण्यात जात होता. तो वाचावा म्हणून जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये ऑक्टेव्ह लिहायला घेतलं. मॅटप्लॉटलिबचे जनक जॉन हंटर हे मेंदूचे अभ्यासक. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत बघण्यासाठी त्यांच्या प्रयोगशाळेत एका विकतच्या सॉफ्टवेअरचा एकच परवाना होता. विद्यार्थी, डॉक्टर आणि संशोधक त्याची ती एकच चावी आळीपाळीने वापरायचे. त्या अडचणीतून ते आधी मॅटलॅबकडे आणि तिथून पायथॉनकडे वळले, आणि २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब जगाला मिळालं. एका चावीसाठी रांग लावणं काय असतं, हे कसारा लाइनवरच्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

सहावी तक्रार लिहिताना मला जड जातं, पण लिहायलाच हवी. घरी विकतचं सॉफ्टवेअर वापरायची सक्ती असली आणि परवाना नसला, की मुलं क्रॅक केलेली कॉपी आणतात. ती पेनड्राइव्हवरून एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि तिच्याबरोबर व्हायरसही जातो. एखाद्या मुलाचं अख्खं प्रोजेक्ट त्यात जातं तेव्हा तो कुणाकडे तक्रारही करू शकत नाही. हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे, आणि आपण दोघेही त्याबद्दल बोलत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला अभ्यासासाठी चोरीचा माल वापरायची सवय लावणं हे आपल्या शिकवण्याच्या विरुद्ध आहे. त्याच्यासमोर वैध आणि मोफत वाट आहे हे ठाऊक असताना आपण त्याला ती दाखवत नाही, हा दोष आपला.

आता मागण्या. प्रत्येक मागणी पुढच्या सत्रात अमलात येण्यासारखी आहे.

पहिली, तुलना जरूर करा, पण सगळी कृती लिहून करा. एकच संगणक, बिंदूंची सारखी संख्या, आवृत्त्यांची नावं, पहिल्या खेपेचा वेळ वेगळा आणि नंतरच्या खेपांचा वेगळा. सॉफ्टवेअर उघडायला किती वेळ लागला, बिंदू काढायला किती, चित्र उमटायला किती, आणि ते फाइलमध्ये साठवायला किती, हे स्वतंत्र रकान्यांत मांडा. शेवटचा रकाना ‘आलेख बरोबर आला का’ असा ठेवा. हे काम विद्यार्थ्यांकडूनच करून घ्या. त्यातून त्यांना मोजमापाचं शास्त्रही कळेल.

दुसरी, तीच तुलना एकदा ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर आणि एकदा साध्या मोबाइलवर करा. तुमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचं साधन तेच आहे, आणि निकाल त्यांच्यासाठी असेल तर मोजणीही त्यांच्या साधनावर झाली पाहिजे.

तिसरी, जर्नलमधल्या प्रश्नात सॉफ्टवेअरचं नाव घालू नका. ‘अमुक फलनाचा अमुक पट्ट्यातला आलेख काढा, बिंदू किती घेतले ते लिहा, आणि आलेख बरोबर आहे हे कशावरून ठरवलं ते सांगा,’ असा प्रश्न घाला. यामुळे मोफत सॉफ्टवेअरच्या बाजूचा एक धोकाही टळेल. आज फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उद्या कुणाच्या मालकीचं असेल हे सांगता येत नाही. शाळाशाळांत वापरलं जाणारं जिओजेब्रा २०२१ मध्ये बायजूज या कंपनीने विकत घेतलं. ग्नूप्लॉट, ऑक्टेव्ह, मॅक्सिमा, मॅटप्लॉटलिब यांचा स्रोत खुला आहे, तरी मुलांना एकाच साधनाला बांधून ठेवू नये. प्रश्न गणिताचा असला की मूल साधन बदलू शकतं.

चौथी, वाट शोधायची गरज नाही, ती आपल्या शेजारीच आहे. मुंबईतल्या आयआयटीचा फॉसी हा उपक्रम महाविद्यालयांच्या लॅब विकतच्या सॉफ्टवेअरवरून सायलॅबसारख्या खुल्या सॉफ्टवेअरवर आणायला मदत करतो, आणि त्यासाठी प्रॅक्टिकलचे प्रोग्रॅम नव्याने लिहून घेतो. पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये उतरवण्याचं कामही त्याने केलं आहे. त्याच संस्थेतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत. पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी गणिताच्या प्रॅक्टिकलमध्ये मॅक्सिमा आणि पायथॉन आले आहेत. केरळने तर शाळांचे संगणक खुल्या प्रणालीवर आणून तिथे जिओजेब्रा गणिताच्या वर्गात नेलं. आपल्या महाविद्यालयांनी यातल्या निदान एका वाटेला या वर्षी लागावं.

पाचवी मागणी खरेदी समित्यांना. केंद्र सरकारने २०१५ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरचं धोरण जाहीर केलं. खुल्या आणि बंद सॉफ्टवेअरची तुलना क्षमता, नियंत्रण, विस्तार, सुरक्षा, पूर्ण आयुष्याचा खर्च आणि लागणारी मदत या कसोट्यांवर करावी, असं त्यात म्हटलं आहे. तुमचं महाविद्यालय त्या धोरणाखाली येवो न येवो, कसोट्या घेण्यासारख्या आहेत. त्यानंतरही एखाद्या कामाला विकतचंच हवं असं ठरलं तर ते जरूर घ्या. नियंत्रण प्रणालींच्या लॅबला मॅटलॅबचं सिम्युलिंक लागत असेल, संशोधनाला एखादा विशिष्ट टूलबॉक्स लागत असेल, तर त्याला कुणाचीच हरकत नाही. फक्त ते कोणत्या कामासाठी घेतलं हे लिहून ठेवा, आणि पहिल्या वर्षाच्या साइन-कोसाइनच्या आलेखांना ती सक्ती लावू नका. वाचलेल्या पैशांतून लॅब संध्याकाळी दोन तास जास्त उघडी राहिली, तर त्याचा लाभ सगळ्यांनाच होईल.

सहावी मागणी तोंडी परीक्षेची. मूल आलेख घेऊन समोर उभं राहिलं की त्याला विचारा, ‘बिंदू किती घेतलेस? कमी घेतले असते तर काय झालं असतं?’ साइन ३१ एक्सची ती खोटी रेघ आणि तिच्यामागचा हिशेब जे मूल सांगू शकतं, त्याला आलेख समजला. त्याने तो कशावर काढला याने काही बिघडत नाही.

तुमच्यापैकी अनेकांनी आमच्या मुलांसाठी पदरमोड केली आहे, वेळेबाहेर लॅब उघडून दिली आहे, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकते आणि त्याची जाण ठेवून हे पत्र लिहिते आहे. म्हणूनच अपेक्षाही तुमच्याकडूनच आहे. विषय तुमच्या अखत्यारीतला आहे, आणि बराचसा एका बैठकीत मिटण्यासारखा आहे. यातलं काही चुकीचं वाटत असेल तर मोजणीसकट सांगा. मी ती मोजणी मुलांबरोबर इथे पुन्हा करून बघेन, आणि निकाल माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध गेला तरी त्यांना जसाच्या तसा सांगेन. आणि काहीच चुकीचं वाटत नसेल, तर येत्या सत्राच्या जर्नलच्या सूचनांमध्ये एवढी एक ओळ छापा: ‘आलेख कोणत्याही वैध सॉफ्टवेअरने काढलेला चालेल, वापरलेली पद्धत लिहावी.’ तिला एक पैसाही खर्च येणार नाही.



आपली नम्र,
गणिताची एक शिक्षिका
उंबरमाळी